ऑटिझम: बातम्या कारणांच्या, घरातले प्रश्न रोजचे

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केले, की गरोदर स्त्रियांनी टायलेनॉल घेणे टाळावे, कारण त्याचा ऑटिझमशी संबंध आहे. टायलेनॉल म्हणजे आपल्याकडची पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, कॅल्पोल अशा नावांनी मिळणारी तापाची साधी गोळी. बातमी मोबाइलवरून गावोगाव पोहोचली आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या अनेक आयांनी तिचा एकच अर्थ काढला: "म्हणजे माझ्यामुळंच झालं."

तुम्ही पिंपळी, काटेवाडी, सणसर किंवा बारामती-इंदापूर भागातल्या कोणत्याही गावात राहत असाल आणि तुमच्या घरात ऑटिझम असलेले किंवा तशी शंका असलेले मूल असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गेल्या काही काळातल्या बातम्यांचा खरा अर्थ काय, त्यातले तुमच्या कामाचे किती आणि मुलाचा रोजचा दिवस बरा जावा म्हणून गावात राहून काय करता येते, हे आपण क्रमाने पाहू.

पॅरासिटामॉलमुळे ऑटिझम होतो का?

असे सिद्ध झालेले नाही. त्या घोषणेनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना जे पत्र पाठवले, त्यातही कार्यकारणभाव सिद्ध झालेला नसल्याचे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन दिवसांत खुलासा केला, की असा संबंध पक्का करणारा पुरावा नाही.

मग ही चर्चा आली कुठून? काही अभ्यासांत गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये ऑटिझमचे प्रमाण किंचित जास्त दिसले होते. पण गोळी कोण घेते? जिला ताप, संसर्ग, मायग्रेन किंवा अंगदुखी आहे ती. फरक गोळीमुळे पडला, आजारामुळे पडला की घराण्यातल्या जनुकांमुळे, हे अशा तुलनेतून कळत नाही. म्हणून स्वीडनमधील संशोधकांनी सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या आणि एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली: एका गरोदरपणात गोळी घेतलेली, दुसऱ्यात न घेतलेली. आई तीच, घर तेच. या तुलनेत पॅरासिटामॉल आणि ऑटिझमचा संबंध दिसला नाही. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

उलट गरोदरपणात जास्त ताप तसाच अंगावर काढणे बाळासाठी धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे गरोदर सुनेला किंवा लेकीला ताप आला तर डॉक्टरांना विचारून, सांगितलेल्या मात्रेत, गरजेपुरती गोळी द्या. आणि ज्या आईने चार-सहा वर्षांपूर्वी तापात गोळी घेतली होती, तिने स्वतःला दोष देऊ नये. घरातल्यांनी तर तो अजिबात देऊ नये.

त्याच घोषणेत ल्युकोव्होरिन या औषधाचेही नाव आले. हे फॉलिनिक अॅसिड आहे. मेथोट्रेक्सेट या औषधाचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी ते अनेक वर्षे वापरले जाते. ऑटिझममध्ये त्याचा उपयोग होतो का, यावर झालेले अभ्यास लहान आहेत. मेडिकलमधून स्वतःच आणून ते मुलाला सुरू करू नका.

लसींबद्दलची भीतीही अशीच जुनी आहे. १९९८ मध्ये गोवरच्या लसीवर संशय घेणारा एक लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, त्यात लस आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. गोवर मात्र आजही मुलांचा जीव घेतो. लस चुकवू नका.

ऑटिझम खरोखर वाढला आहे का?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून दुसरी बातमी आली होती: तिथे ८ वर्षांच्या ३१ मुलांमागे एका मुलाला ऑटिझम असल्याची नोंद झाली. २००० मध्ये हे प्रमाण १५० मागे १ होते. आकडा घाबरवणारा आहे, पण त्याचा बराचसा भाग ओळख वाढल्यामुळे आला आहे. २०१३ मध्ये ऑटिझमची व्याख्या बदलली आणि पूर्वी वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे प्रकार एकाच नावाखाली आले. लहान वयात तपासणी होऊ लागली. पूर्वी 'मतिमंद' किंवा 'विचित्र' म्हणून सोडून दिलेली मुले आता मोजली जातात.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १२७ माणसांमागे १ असा आहे. म्हणजे १,००० मुलांमागे साधारण ८. भारतात पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २ ते ९ वर्षांच्या जवळपास ८ मुलांमागे एका मुलाला ऐकणे, पाहणे, बोलणे, शिकणे, फिट्स, ऑटिझम अशांपैकी एक तरी अडचण असल्याचे दिसले होते.

हे आकडे गावाला लावून बघा. तुमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर मिळून हजारभर मुले असतील, तर त्यात सात-आठ मुले ऑटिझमची असू शकतात. तुमच्या ओळखीत तुमचेच मूल असे असेल, तर बाकीची कुठे आहेत? काही घरातच आहेत. काहींना 'मुका' म्हणतात, काहींना 'हट्टी'. मुलींच्या बाबतीत 'लाजाळू आहे' म्हणून विषय संपतो. तुम्ही एकटे नाही आहात, फक्त एकमेकांना भेटलेले नाही.

"बोलंल की, बाप पण उशिरानंच बोलला"

हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळते. आजी ते प्रेमाने म्हणते आणि काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण वाट पाहण्यात गेलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत. लहान वयात मेंदू वेगाने घडत असतो. मदत जितकी लवकर सुरू होईल, तितका तिचा उपयोग जास्त.

पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका:

- १२ महिन्यांचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बा-बा, दा-दा असे आवाज काढत नाही.
- साधारण दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. तुमचा हात धरून त्या वस्तूपर्यंत नेते.
- १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही.
- नजरेला नजर कमी देते. खेळण्याची गाडी चालवण्याऐवजी फक्त चाक फिरवत बसते.
- हात फडफडवणे, गोल फिरणे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे.
- येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे कोणत्याही वयात बंद पडले. हे सर्वांत महत्त्वाचे.

यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझम आहेच असे नाही. प्रथम मुलाची ऐकण्याची तपासणी करून घ्या, कारण कमी ऐकू येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही. पण मोबाइलसमोर गेलेला वेळ हा माणसांशी बोलण्या-खेळण्यातून वजा झालेला वेळ असतो. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल देऊच नका.

तपासणी कुठे होते? तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. ० ते १८ वर्षांच्या मुलांची मोफत तपासणी आणि पुढचे उपचार हा त्याचा हेतू आहे आणि विकासातील अडचणी त्याच्या यादीत आहेत. पथक येण्याचा दिवस अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि तुमची शंका स्वतःहून सांगा. पथकाकडे प्रत्येक मुलासाठी मोजकी मिनिटे असतात. शांत बसलेले मूल त्या गर्दीत सहज निसटते.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले बालरोग आणि मानसोपचार विभाग ही पहिली पायरी धरा. मुलाचे वागणे दाखवणारे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ घरीच काढून न्या: जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर. दवाखान्यात मूल घाबरलेले असते आणि खरे वागणे दिसत नाही.

थेरपी शंभर किलोमीटरवर असेल तर?

स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक हे बहुतेक पुण्यात आणि पुणे बारामतीहून सुमारे १०० किलोमीटर. आठवड्यातून दोनदा जायचे म्हटले तर एकाची मजुरी बुडते, ऊसतोडीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत तर जमतच नाही. मग पालक दोन टोकांना जातात. काही सगळे सोडून पुण्यात खोली घेतात, तर काही "आपल्याकडं काय होणार" म्हणून थांबतात.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे आणि त्याला पुरावा आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर एक चाचणी झाली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे तज्ज्ञ थेरपिस्टऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले. पालक मुलासोबत खेळतानाचे व्हिडिओ काढले आणि त्यांच्याबरोबर बसून ते पाहिले. मूल कशाकडे बघते, तेव्हा आपण काय बोलतो, कुठे घाई करतो. काही महिन्यांनी पालक मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली.

याचा अर्थ थेरपिस्ट नकोत असा नाही. महिन्यातून एकदा तज्ज्ञांकडे जाऊन पुढच्या महिन्याचे काम समजून घ्यायचे आणि रोज घरी करायचे, ही रीत गावात चालू शकते. फोनवरून व्हिडिओ सल्लाही काही ठिकाणी मिळतो. घरी काय करायचे, याची काही उदाहरणे:

- मूल जे बघते त्याचे नाव तुम्ही घ्या. ते गाईकडे बघत असेल तर "गाय. गाय चारा खाते." एवढेच. लांब वाक्ये नकोत.
- वस्तू लगेच हातात देऊ नका. भाकरीचा तुकडा समोर धरा आणि पाच-सात सेकंद थांबा. मुलाने बघितले, हात पुढे केला, आवाज काढला, की लगेच द्या. मागितले की मिळते, हे त्याला कळू द्या.
- दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवा: उठणे, आंघोळ, नाश्ता, शाळा. घरातल्याच वस्तूंचे फोटो छापून भिंतीवर लावा.
- न बोलणाऱ्या मुलाला खुणा, चित्रे शिकवायला घाबरू नका. त्याने बोलणे थांबत नाही. सांगता येऊ लागले की आदळआपट कमी होते.
- रोज दोनदा, १५ मिनिटे, फक्त त्याच्याबरोबर जमिनीवर बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

हट्ट की सहन न होणे?

आषाढी वारीच्या वेळी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघते, तेव्हा पिंपळीच्या रस्त्याला टाळ-मृदंग, स्पीकर, गाड्या, माणसांची दाटी. साऱ्या गावाला तो आनंदाचा दिवस. पण तुमचे मूल कानावर हात ठेवून ओरडते, जमिनीवर लोळते आणि कोणीतरी म्हणते, "लाडावून ठेवलंय." ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरची मोठ्या आवाजातली गाणी, लग्नातला डीजे, मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी यांच्या बाबतीतही हेच होते.

अनेक ऑटिस्टिक मुलांना आवाज, उजेड, स्पर्श, वास हे आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. हट्ट करणारे मूल तुमच्याकडे बघत हट्ट करते आणि हवे ते मिळाले की थांबते. सहन न झालेले मूल काहीही दिले तरी थांबत नाही, कारण ते त्याच्या हातात राहिलेले नसते. अशा वेळी रागावणे, मारणे, समजावत बसणे यांचा उपयोग नाही. शांत, कमी उजेडाच्या जागी न्या, कमी बोला, वाट पाहा.

सण टाळायची गरज नाही. पालखी गच्चीवरून लांबून दाखवा. आधी चार दिवस मागच्या वर्षीचा व्हिडिओ कमी आवाजात दाखवा. कानावर लावायचा आवाजरोधक हेडफोन सोबत ठेवा. पहिल्या वर्षी दहा मिनिटे पुरेत. पुढच्या वर्षी कदाचित वीस होतील.

झोप न येणे, मोजकेच पदार्थ खाणे, बद्धकोष्ठता, शी-शूची सवय उशिरा लागणे या तक्रारीही नेहमीच्या आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत, त्या डॉक्टरांना सांगा. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर गोळी नाही. पण झोप, टोकाची चिडचिड, स्वतःला इजा करणे, फिट्स यांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देता येतात. अचानक चिडचिड वाढली तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. न बोलणारे मूल दुखणे वागण्यातूनच सांगते.

पाण्याचा धोका: हे आजच करा

ऑटिस्टिक मुले घरातून नकळत बाहेर पडतात आणि अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणे हे एक मोठे कारण आहे. आपल्या भागात नीरा डावा कालवा, विहिरी आणि शेततळी आहेत. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरलेल्या मुलाला वर येता येत नाही. उभ्या उसात शिरलेले मूल दहा फुटांवरूनही दिसत नाही आणि हाकेला उत्तरही देत नाही.

म्हणून दाराला वरची कडी लावा. शेततळ्याला कुंपण करा आणि आत दोर सोडून ठेवा. मुलाच्या गळ्यात किंवा कपड्यावर फोन नंबर असू द्या. शेजारी, दुकानदार, ऊसतोड टोळीचे मुकादम यांना मुलाचा फोटो दाखवून सांगा: एकटा दिसला तर फोन करा. मूल हरवले तर पहिला शोध पाण्याजवळ घ्या, बाकीचा नंतर. आणि शक्य तितक्या लवकर त्याला पोहायला शिकवा, तेही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

हीच पाण्याची ओढ कधी बळही ठरते. मुंबईची जिया राय ही ऑटिस्टिक मुलगी २०२२ मध्ये १३ व्या वर्षी पाल्कची सामुद्रधुनी पोहून गेली आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. तिचे कौतुक जरूर करा. पण आपल्या मुलाला तिच्या मापाने मोजू नका. प्रत्येक ऑटिस्टिक मुलात लपलेली असामान्य कला नसते आणि नसली तरी चालते.

शाळा: कायदा काय म्हणतो, प्रत्यक्षात काय मागायचे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझमचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्याकडं सोय नाही" हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

पण प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे नाही. ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष शिक्षकांची पदे मंजूर करून भरण्यास सांगितले. प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे १ आणि त्यापुढे १५ मुलांमागे १ शिक्षक असावा, असे हे प्रमाण आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षक पदांचा निर्णय घेतला होता. एका केंद्राखाली अनेक शाळा असतात. म्हणजे हा शिक्षक तुमच्या शाळेत रोज नसेल. रोज असणार आहेत ते वर्गशिक्षक आणि सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे.

म्हणून शाळेकडे मोठ्या मागण्या घेऊन जाण्याआधी एक पान लिहून द्या: मुलाला काय आवडते, कशाने त्रास होतो, त्रास झाल्यावर काय केल्याने शांत होते, शू लागल्यावर कशी खूण करते. बसायला भिंतीजवळची, दारापासून लांबची जागा मागा. घंटेचा आवाज सोसत नसेल तर आधी दोन मिनिटे बाहेर न्यायची परवानगी मागा. सुरुवातीला दोन तासांचीच शाळा मागा. केंद्राचे विशेष शिक्षक कोण आणि ते कोणत्या दिवशी येतात, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी जाऊन भेटा. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र हवे.

प्रमाणपत्र घ्यायचे की नाही?

"शिक्का बसेल" म्हणून अनेक घरे प्रमाणपत्र टाळतात. पण शिक्का लोकांच्या बोलण्यातून आधीच बसलेला असतो. प्रमाणपत्राने मुलाला हक्क मिळतात. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डसाठी अर्ज करा. मूल्यांकन ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीने होते. त्यानंतर पुढील गोष्टींची चौकशी करा:

- निरामय: नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना. १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, थेरपीचा खर्चही त्यात येतो.
- संजय गांधी निराधार योजना: दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नाची अट आहे. अर्ज तहसील कार्यालयात.
- ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभे राहून विचारा, की यंदा तो कशावर खर्च झाला. चार-पाच कुटुंबांनी मिळून अंगणवाडीत खेळ-थेरपीचे साहित्य मागितले तर ते वैयक्तिक मागणीपेक्षा जास्त दिवस उपयोगी पडेल.
- एसटी प्रवासात तिकीट सवलत.

"सहा महिन्यांत बरा करतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे. तो ताप-खोकल्यासारखा बरा होत नाही. मूल शिकते, बदलते, काही मुले पुढे पूर्ण स्वावलंबी होतात. पण 'बरा करतो' असे सांगून लाखो रुपये मागणारे बरेच आहेत. स्टेम सेल उपचारासाठी जमीन गहाण टाकायच्या तयारीत असलेली कुटुंबे आम्हा डॉक्टरांना भेटतात. त्यांनी एक गोष्ट जरूर वाचावी: डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही, असे स्पष्ट केले आणि त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. रक्तातून धातू काढण्याचे उपचार, ऑक्सिजनचे चेंबर यांच्या बाजूनेही भरवशाचा पुरावा नाही आणि धातू काढण्याच्या उपचारात जिवाला धोका असतो.

कोणी उपचार सुचवला तर तीन प्रश्न विचारा: याने नेमके काय सुधारेल? किती दिवसांत कळेल? नाही सुधारले तर थांबवणार का? तिसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर न देणाऱ्याकडून उठून या.

घरातली माणसे

बहुतेक घरांत हे सारे काम एकट्या आईवर पडते. तिची झोप, पाठदुखी, रडू येणे हीही वैद्यकीय बाब आहे. आठवड्यातले काही तास मूल वडिलांकडे, आत्याकडे, आजोबांकडे ठरवून द्या. "मी मदत करतो" असे न म्हणता एक काम पूर्ण अंगावर घ्या: संध्याकाळची आंघोळ असेल किंवा शनिवारची सकाळ. थोरल्या बहिणीला दुसरी आई करू नका. तिलाही तिचा वेळ हवा. ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडात ऑटिझमची शक्यता साधारण पाचात एक असते. म्हणून धाकट्याच्या वाढीवर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा.

"आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न प्रत्येक आई-बापाला रात्री पडतो. त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येते. दुसरे उत्तर आजपासून घडवायचे असते. स्वतः जेवणे, कपडे घालणे, गोठ्यात चारा टाकणे, दुकानातून एक वस्तू आणणे. यातले जे येईल, ते त्याच्या पुढच्या आयुष्यात कामी येईल.

आणि आनंदाचे काय? तो असतो, फक्त बाहेरच्यांना दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा बोट दाखवून चंद्र दाखवला, तर शेजारी म्हणतील, "त्यात काय?" तुम्हाला माहीत असते त्यात काय आहे ते. रस्त्याने गेलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा नंबर पाठ असणे, रोज त्याच झाडाखाली तेच हसणे, खोटे न बोलणे, आवडत्या माणसाच्या मांडीवर स्वतःहून येऊन बसणे, हे मोजायला शाळेची प्रगतिपुस्तके पुरत नाहीत. एक वही करा. दर रविवारी मुलाने केलेली एक नवीन गोष्ट तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी ती डॉक्टरांना दाखवा. उपचार योग्य दिशेने आहेत का, हे आम्हालाही त्या वहीतून चांगले कळते आणि वाईट गेलेल्या दिवशी ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

मुलाचे शब्द अचानक गेले, फिट आली, ते स्वतःला इजा करू लागले किंवा आईला जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.